गडाखालची माणसे

येत्या १२ जानेवारीला सिंदखेडराजा पुन्हा माणसांनी फुलेल. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यात, जिजाऊ जन्मल्या त्या जागी, लोक माथा टेकतील. टेकायलाच हवा. पण तिथून मोती तलावाच्या बांधापर्यंत, पुतळा बारवेच्या पायऱ्यांपर्यंत किती जण जातात? एवढे पाणी एका वाड्यापुरते कोणी अडवत नाही. जिथे फौज, तिथे नाल ठोकणारा नालबंद, पाथरवट, तेली, चांभार, वैरण पुरवणारा कुणबी लागतोच. १६२९ साली लखुजीराव मुलांसह दौलताबादेत मारले गेले, हे आपल्याला पाठ आहे. त्यांच्या घोड्यांवर ज्याचे पोट होते, त्या नालबंदाच्या घरी पुढचे वर्ष कसे गेले असेल, हे आपण कधी विचारलेच नाही.

इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलांडा नावाचा रोमन किल्ला आहे. त्याच्या तटाला लागूनच दुकानांची, कारागिरांची, सैनिकांच्या बायकामुलांची वस्ती होती. तिथल्या ओल्या मातीत चामड्याची हजारो पायताणे टिकली. त्यांत लहान लेकरांचीही आहेत. लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेला मजकूर १९७३ पासून निघू लागला. त्यात कोणाला मोजे धाडल्याची नोंद आहे, कोणाला वाढदिवसाचे आवतण आहे. आणि एक वेदी सापडली : अग्निदेव व्हल्कनला ती वाहणाऱ्यांनी दगडावर स्वतःची ओळख कोरली आहे, विंडोलांडाचे गावकरी. किल्लेदाराची नव्हे, आपली! हे वाचून मला आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला.

आपल्याकडे पाचाड आहे. ६ जून १६७४ला रायगडावर राज्याभिषेक झाला. १७ जूनला जिजाऊंनी देह ठेवला तो गडाखालच्या याच गावात. सिंदखेडच्या लेकीचा शेवटचा वाडा गडाच्या पायथ्याला, गावकऱ्यांच्या शेजारी होता.

म्हणून यंदाचा अंक आम्ही गडकोटांना नव्हे, त्यांच्या पायथ्याच्या पेठांना दिला आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकांकडे एक मागणेही आहे. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल हाती लागला, तर रद्दीत टाकू नका. मोडी जाणणाऱ्या कोणाला तरी दाखवा. त्यात एखाद्या बलुत्याचा वाटा असेल, विहिरीच्या पाण्याचा तंटा असेल, फेडलेले कर्ज असेल. नक्कल आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकातली पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.