सोनकीला शाळेत जागा द्या

आपल्या शाळेच्या बागेत झेंडू आहे, शेवंती आहे, पण सोनकी नाही. माझे मत असे आहे की सोनकी पण पाहिजे. झेंडू मूळचा मेक्सिको देशातला, असे गुरुजींनी सांगितले. सोनकी मात्र आपल्या सह्याद्रीचीच. तिला कुणी पाणी घालत नाही, तरी भाद्रपदात सगळा डोंगर हळद सांडल्यासारखा पिवळा होतो.

कुंपणापाशी ती आपोआप उगवते. पण १५ ऑगस्टच्या आधी सफाई होते तेव्हा गवताबरोबर तीही उपटली जाते. तेव्हा तिला फूल नसते, म्हणून कुणाला ओळखू येत नाही.

तर ओळख अशी. पान लांबट, कडेला करवतीसारखे दाते. फूल पिवळे, साधारण रुपयाएवढे. खरे म्हणजे ते एक फूल नाहीच! मधल्या टिकलीत बारीक बारीक पुष्कळ फुले असतात आणि कडेची एकेक पाकळी हेसुद्धा वेगळे फूल असते. गुरुजींनी भिंगातून दाखवले तेव्हा सगळा वर्ग गप्प झाला. सूर्यफूल, झेंडू, कारळा हे तिचे भाऊबंद. गाजर गवत पण त्याच कुळातले, पण त्याची फुले पांढरी, बारकी, आणि अंगाला खाज सुटते. ते अमेरिकेतून आले, १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसले आणि आता आपल्या एसटी थांब्यापर्यंत पोचले. ते खुशाल उपटा, पण हाताला पिशवी बांधून.

रस्त्याकडेचा कॉसमॉस बघून पाहुणे "सोनकी, सोनकी" करतात. कॉसमॉसचे पान झेंडूसारखे चिरलेले असते आणि बी काळी, सुईसारखी. सोनकीच्या बीला पांढरे मऊ केस असतात, ती म्हातारीसारखी उडते.

पालक म्हणतात, गवत ठेवले तर साप येतील. हे खरे आहे, माझी आई पण तेच म्हणते. म्हणून पायऱ्या, नळ आणि संडासाची वाट साफच पाहिजे. पण मागच्या कुंपणाकडे नुसता मुरूम आहे, तिथे कुणी जात नाही. तिथला चार पावलांचा पट्टा दसऱ्यापर्यंत राखावा. भोवती दगड मांडू, म्हणजे विळा तिथे थांबेल.

डोंगरावरून रोप उपटून आणू नये. सोनकी एका वर्षाचीच असते, बी धरली की वाळते. दसऱ्यानंतर बांधावरची वाळलेली बोंडे घ्यावीत, तीही थोडीच, बाकीची वाऱ्याला ठेवावीत. सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवावीत. मृगाचा पाऊस झाला की बी भुरभुरावी, वर चिमूटभर माती. खत नको. कास पठारावरचे मात्र काहीच तोडायचे नाही. ते २०१२ पासून जागतिक वारशात आहे.

आज्जी म्हणते, "फुलं काय भाकरीबरोबर खायची का रं?" कारळ्याची चटणी होते, सोनकीची होत नाही, हे मान्य. पण सोनकीवर मधमाश्या येतात, आणि मधमाश्या नसतील तर कारळ्याचे दाणे भरत नाहीत. मग चटणी कशाची करणार?

आता दसरा झाला. माझ्याकडे बियांच्या दोन पुड्या आहेत. मृगापर्यंत त्या शाळेच्या कपाटात ठेवायला गुरुजींनी परवानगी द्यावी. आमच्या घरी उंदीर फार आहेत.

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी