‘जर’ शोधायचे तर १९३८ सालात शोधा

सतरा सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की परभणीत आणि एकूणच मराठवाड्यात एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. हैदराबाद संस्थान स्वतंत्र राहिले असते तर आपले बरे झाले असते, असा तो युक्तिवाद. त्याच्या बाजूने सांगितली जाणारी माहिती खोटी नाही. संस्थानाचा विस्तार सुमारे ८२ हजार चौरस मैल होता आणि १९४१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या एक कोटी साठ लाखांवर होती. हाली सिक्का, टपाल, रेल्वे, फौज असा सगळा सरंजाम स्वतःचा होता. परभणीवरून जाणारा मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग निजामाच्याच काळातला आणि उस्मानिया विद्यापीठ १९१८ चे. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, ब्रिटिशांची वसाहत असलेला इवलासा बासुटोलँड १९६६ साली लेसोथो म्हणून स्वतंत्र झाला, मग हैदराबादला काय कमी होते, असेही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र खजिन्यात आणि रुळांत शोधले जाते, आणि चूक होते ती तिथेच.

लेसोथोचे राज्य बासोथो लोकांचे होते. राजा त्यांचा, भाषाही त्यांची. हैदराबादेत निम्म्याच्या आसपास प्रजा तेलुगू बोलणारी, चौथ्या हिश्श्याहून थोडी अधिक मराठी, उरलेल्यांत कन्नड आणि उर्दू भाषक. आणि उच्च शिक्षण, कचेरी, न्यायालय यांचा कारभार उर्दूत. सुमारे दोन-पंचमांश जमीन जहागिरी आणि सर्फ-ए-खास म्हणजे निजामाच्या खासगी मालकीत अडकलेली. जून १९४७ मध्ये इंग्रज गेल्यावर आपण सार्वभौम होऊ असे फर्मान निजाम मीर उस्मान अली खान यांनी काढले, तेव्हा रयतेला कोणी विचारले? ७ ऑगस्टला संस्थानातल्या स्टेट काँग्रेसने भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला, आणि १५ ऑगस्टला तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. त्या फर्मानातले स्वातंत्र्य एका सिंहासनाचे होते. पाथरी-जिंतूरच्या कुळाच्या वाट्याला त्यातले काय आले असते, हे निजामाची बाजू घेऊन शस्त्रे उचललेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी वर्षभरात दाखवून दिले. सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात उमरखेडला आंदोलकांना तळ ठोकावा लागला, तो त्यामुळेच.

मग हैदराबादच्या इतिहासात ‘जर’ला जागाच नव्हती का? होती, पण दहा वर्षे आधी. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. पुढच्या वर्षी स्टेट काँग्रेस उभी राहू लागली. तिने निजामाची गादी उलथवायची भाषा केलेली नव्हती. असफजाही छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती, एवढीच तिची मागणी. तरीही संघटना रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, आणि २४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानल यांच्या तुकडीने सत्याग्रह सुरू केला. १९३९ साली जाहीर झालेल्या सुधारणांत प्रतिनिधित्व व्यवसायवार होते आणि निवडून येणाऱ्या जागांत हिंदू-मुसलमान समसमान; प्रजेत मात्र हिंदू ऐंशी टक्क्यांहून अधिक होते. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी तेव्हा मान्य झाली असती तर १९४७ साली दिल्लीशी बोलणी करायला लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ बसले असते. माझ्या मते तेही भारतातच आले असते, आणि मराठी जिल्ह्यांनी कालांतराने महाराष्ट्राचीच वाट धरली असती. पण तो निर्णय सभागृहात मतदानाने झाला असता. ती वाट निजामाने स्वतःच बुजवली.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, संस्थानाचा निकाल लोकांनी नव्हे, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय लष्कराने लावला. लष्कर आले हे खरेच. पण त्या पाच दिवसांत राज्य कोसळले, कारण दहा वर्षांच्या लढ्याने त्याच्या पायाखालची रयत आधीच निघून गेली होती. या आक्षेपातला जो भाग आपण टाळतो तो मात्र मान्य केला पाहिजे. कारवाईनंतर मराठवाड्यासह अनेक भागांत निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या. सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला, आणि तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. मुक्तीच्या सोहळ्यात या माणसांचे स्मरण झाले पाहिजे. विलीनीकरणाची बाजू उघडपणे मांडल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये जीव गमावलेले ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचेही. या कत्तलींमुळे निजामाचा दावा खरा ठरत नाही. राजाने प्रजेचे म्हणणे ऐकायला दहा वर्षे नकार दिला, त्याची किंमत गरीब हिंदूंनी आणि गरीब मुसलमानांनी मोजली, एवढेच त्यातून सिद्ध होते.

दुसरा आक्षेप अनुशेषाचा. १९५६ साली आपण मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो, तरी पाणी आणि नोकऱ्या कमीच मिळाल्या. ही तक्रार खरी आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. परंतु ती करता येते, हाच निजामाच्या आणि आजच्या राज्यातला फरक. परभणीला कृषी विद्यापीठ हवे म्हणून मराठवाड्याने आंदोलन केले आणि १९७२ साली ते मिळवले. १९३८ साली त्याच मराठवाड्याने केवळ जबाबदार राज्यपद्धती मागितली, तर मिळाला तुरुंग. अनुशेषाचा हिशेब आज मागायचा तो मुंबईत, विधानसभेत, आपण निवडून दिलेल्या आमदारांकडून. निजामाच्या खजिन्याच्या आठवणींतून तो कोणी चुकता करणार नाही.