सममितीचे अवडंबर

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील मोहेंजोदडोची नर्तकी जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची आहे. १९२६ साली उत्खननात हाती आलेल्या या कांस्यमूर्तीचा डावा हात जवळजवळ खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला, उजव्यात अवघ्या चार. उजवा हात कमरेवर, डावा पाय गुडघ्यात किंचित दुमडलेला. डाव्याउजव्या अंगांची तंतोतंत जुळणी हेच निरोगीपणाचे, आणि पर्यायाने सौंदर्याचे, गमक मानणाऱ्या नव्या देहमीमांसेला ही मूर्ती अडचणीची ठरावी. ढब वेगळी आणि देहाची घडण वेगळी, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो रास्तच आहे. परंतु ही सीमा प्रथम ओलांडली ती या मीमांसेच्या पुरस्कर्त्यांनी. सममित देहाचे तरुण अधिक चांगले नाचतात, हा जमैकातील पाहणीवर आधारलेला निष्कर्ष २००५ साली ‘नेचर’ने प्रसिद्ध केला आणि तो जगभर गाजला. पुढे निबंधाच्या लेखकांपैकीच एक, रॉबर्ट ट्रिव्हर्स, यांनी त्यातील माहितीच्या खरेपणावर बोट ठेवले; २०१३ साली निबंध मागे घेण्यात आला. हे मागे घेणे मात्र तितके गाजले नाही.

मूळ कल्पना टाकाऊ नव्हे. देहाच्या दोन्ही बाजू एकाच जनुकसंचातून घडतात. तेव्हा वाढीच्या काळातील ताण त्यांच्यामधील बारीक, दिशाहीन फरकांत उमटावा, हे तर्काला धरून आहे. ली व्हॅन व्हालेन यांनी १९६२ साली या फरकांचे पद्धतशीर विवेचन केले, आणि समूहांची तुलना करताना अशा मोजमापाला काही अर्थही असतो. व्यक्तीपाशी येताच मात्र पाया ढासळतो. घडणीतील अस्थैर्य एका अवयवाच्या केवळ दोन बाजूंवरून ठरविणे म्हणजे दोन ओव्यांवरून कवीची प्रतिभा जोखणे होय. शिवाय हे फरक इतके सूक्ष्म असतात की मोजणाऱ्याची चूकही पुष्कळदा त्यांच्याच तोलाची भरते. ब्रिटनमधील ४,७३२ किशोरवयीनांच्या चेहऱ्यांची असममिती आणि त्यांची बालपणीची आजारपणे यांत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाला कोणताही संबंध आढळला नाही.

तरीही ‘सुंदर म्हणजे सममित, सममित म्हणजे निरोगी’ हे समीकरण उत्क्रांतीच्या नावाने सौंदर्यविचारात आणले जाते. ही उसनवारी कशासाठी? १९५६ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभलेल्या ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे मांडली. तेथे विरोधाला संवादाच्या बरोबरीचे स्थान आहे. आणि त्यांचा समतोल म्हणजे आरशातील प्रतिबिंब नव्हे. (मर्ढेकर न वाचताच त्यांना कालबाह्य ठरविण्याची प्रथा आता रूढ झालीच आहे.) उसन्या समीकरणात जन्मतः वा अपघाताने ज्याचा देह असम झाला, तो आपोआप रोगी आणि कुरूप ठरतो. विज्ञानाने न दिलेला हा निवाडा समीक्षेने देण्याचे कारण नाही.

दिल्लीत काय, मेळघाटात काय, सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचे कुपोषण ओळखावयाचे तर दंडाचा घेर मोजतात. तो साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर कुपोषण तीव्र. ही पट्टी एकाच, बहुधा डाव्या, दंडाला लावतात. दुसरा दंड त्याच्याशी जुळतो की नाही, हे कोणी पाहत नाही.