ओटी आणि माजघर यांमधले दार

शहापूर आणि मुरबाड या सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत, घराच्या आत, ओटी आणि माजघर यांच्यामध्ये, पाळलेल्या कुत्र्यासाठी कमरेइतक्या उंचीचे एक दार असावे, असे कोणी सुचविले तर ऐकणाऱ्यास ती शहरातून आलेली हौस वाटते. परंतु ज्या मुलखात तिन्हीसांजा झाल्या की बिबट्या गावाच्या कडेने वावरू लागतो, तेथे या दाराची निकड मुंबईच्या सदनिकेतील निकडीहून कितीतरी अधिक आहे, असे माझे विचारपूर्वक बनलेले मत आहे.

तानसा अभयारण्याचे रान शहापूर तालुक्यातच पसरलेले आहे, आणि मुरबाडच्या पूर्वेला माळशेजचा घाट उभा आहे. सांदण दरी खाली शहापूर तालुक्यातील डेहण्याच्या बाजूला उतरते, तर तिच्या माथ्यावर अकोले तालुका लागतो. त्याच अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचे नमुने तपासून जे निष्कर्ष २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध केले, त्यांत वजनाच्या मानाने बिबट्याच्या आहाराचा ३९ टक्के भाग कुत्र्यांचा आढळला. आणि शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट असूनही त्यांचा वाटा अवघा ११ टक्के निघाला. कारण उघड आहे. शेळी दिवसा राखणीत चरते आणि रात्री कोंडली जाते. कुत्रा मात्र रात्रभर अंगणात उघडा असतो. वाघबारशीला वाघोबाची मनोभावे पूजा करणाऱ्या आमच्या गावांना हे कोणी नव्याने सांगावे असे नाही. तरीही गोठ्याचा बंदोबस्त झाल्यावर शेवटी घराचे दार लागते, ते कुत्र्याला बाहेर ठेवूनच.

यात निष्ठुरता नाही. चुलीजवळचे सोवळे, देव्हारा, उघडी भांडी, कणगीतले भात, यांत कुत्र्याचा संचार नको, ही गृहिणीची अपेक्षा सर्वथा रास्त आहे. टोकावड्याच्या बाजूच्या एका घरातील आजीबाईंनी आपल्या मुलाला सांगितलेले शब्द माझ्या कानांत आहेत: “येऊ दे रं त्याला ओटीवर, पन चुलीपाशी नको.” वाद मिटविण्याची सगळी तजवीज या एका वाक्यात आहे. मुख्य दार बंद, कुत्रा ओटीवर, आणि माजघराच्या तोंडाशी आतले दार. साखळीने बांधून ठेवणे हा यावरचा पर्याय नव्हे: अंगणात बांधलेल्या जनावराला पळून जाण्याचीही सोय राहत नाही, आणि आखूड वा जड साखळीने अवास्तव काळ बांधून ठेवणे हा तर १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमान्वये अपराध आहे.

आता दार कोणते घ्यावे? कल्याणच्या बाजारात मिळणारी लोखंडी तयार दारे दोन्ही बाजूंच्या स्क्रूंनी भिंतींवर दाब देऊन उभी राहतात. विटांच्या नव्या घरकुलात ती चालतील; पण कारवीचा कूड आणि वर मातीचा गिलावा असलेल्या भिंतीत तो स्क्रू आठवड्याभरात खळगा पाडतो आणि दार कुत्र्याच्या एका धडकेने आडवे होते. शिवाय त्यांतील पुष्कळ दारांना जमिनीलगत एक आडवी पट्टी असते. पावसाळ्यात वीज गेलेली, हातात पाण्याची कळशी, अशा वेळी वृद्ध माणसाचा पाय तीत अडकला तर काय होईल, याचा विचार विकत घेण्यापूर्वीच करावा. म्हणून जुन्या घराला गावच्या सुताराने सागवानी चौकटीवर बिजागऱ्यांनी टांगलेले दार उत्तम, असे मी निःशंकपणे म्हणेन.

सुताराला मात्र काही गोष्टी बजावून सांगाव्या लागतात. उंची तीन फुटांहून कमी नको, कारण गावठी कुत्रा त्याखालचे दार धावत येऊन सहज ओलांडतो. पट्ट्या उभ्याच हव्यात. आडव्या पट्ट्यांची त्याला शिडी होते. दोन पट्ट्यांत दोन इंचांपेक्षा जास्त अंतर पडले तर पिल्लू डोके घालते आणि ते मागे घेता येत नाही. घडीच्या जाळीदार दारांतील चौकोनी भोके तर याहून घातक, ती घेऊच नयेत. दाराचे वजन पेलणारी तिरपी पट्टी खालच्या बिजागरीपासून वरच्या कडीच्या कोपऱ्याकडे चढत गेली पाहिजे; उलट ठोकली तर दार वर्षभरात लोंबते आणि सारवलेली जमीन खरवडू लागते. कडी माजघराच्या बाजूला, एका हाताने निघेल अशी, पण नाकाने उचलली जाणार नाही अशी असावी. सागवान परवडत नसेल तर बांबूच्या कामट्यांची ताटी मुळीच कमी प्रतीची नव्हे. बांबू वाहत्या पाण्यात भिजवून मग सुकविलेला असला म्हणजे त्याला भुंगा सहसा लागत नाही, आणि कामट्यांच्या कडा तासून घेतल्या म्हणजे चावणाऱ्या पिल्लाच्या हिरडीत कूस जात नाही. लाकडी दार वैशाखात बसवीत असाल तर चौकटीशी थोडी फट राखावी, कारण आषाढात लाकूड फुगते.

एवढे करूनही पहिल्या काही रात्री कुत्रा रडेल, आणि झोपमोड झालेले कोणीतरी त्याला बाहेर काढण्याची भाषा बोलेल. त्या रात्री निभावून न्याव्यात. त्याची भाकरी दाराच्या अलीकडे, ओटीवरच द्यावी. घरातल्या कोणीतरी पलीकडे, त्याला पट्ट्यांतून दिसेल असे, अंथरूण टाकावे. आणि तो गप्प बसला असतानाच दार उघडून त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा, ओरडत असताना नव्हे.