चीन असता तर गोसीखुर्द दहा वर्षांत झालं असतं?

गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झालं. मी जन्मलो तेव्हा त्याला दहा वर्षं होत आली होती. मी कारध्यात वाढलो, इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरीला लागलो. दरम्यान भिंत उभी राहिली, वैनगंगा अडली, पण कालवे आणि पुनर्वसन मात्र सरकारी भाषेत ‘प्रगतिपथावर’च राहिलं. मूळ अंदाज होता ३७२ कोटींचा. तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. २००९ मध्ये ‘राष्ट्रीय प्रकल्प’ हा दर्जाही मिळाला.

हे आकडे सांगितले की माझ्या वयाचा कुणीतरी हमखास म्हणतो, “लोकशाहीचा हाच प्रॉब्लेम आहे. चीन असता तर दहा वर्षांत काम खतम.” कॉलेजच्या होस्टेलमध्ये हे ऐकलं, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ऐकलं, कारध्याच्या पुलाजवळच्या चहाच्या टपरीवरही ऐकलं. म्हणणारी माणसं मूर्ख नसतात. त्यांचा राग खरा असतो. त्यांनी काढलेलं कारण मात्र साफ चुकीचं आहे.

आधी चीनचं जे आहे ते मान्य करू. थ्री गॉर्जेस धरणाचं काम १९९४ मध्ये सुरू झालं, २००६ मध्ये भिंत पूर्ण झाली, २०१२ पर्यंत सगळी मुख्य जनित्रं चालू झाली. वेग अफाट आहे. त्यासाठी सरकारी आकड्यांनुसारच सुमारे १३ लाख माणसं हलवली गेली. दाय छिंग या पत्रकार बाईंनी १९८९ मध्ये या धरणाच्या विरोधातल्या तज्ज्ञांचे लेख पुस्तकरूपात छापले. पुस्तकावर बंदी आली आणि त्यांना दहा महिने कोठडीत काढावे लागले.

“ठीक आहे, पण धरण तर झालं ना?” असं कुणी म्हणेल. मग त्याच देशाचं दुसरं धरण बघा. हनान प्रांतातलं बानछियाव धरण ऑगस्ट १९७५ मध्ये वादळी पावसात फुटलं. अधिकृत आकडा २६ हजार मृत्यूंचा. नंतरची उपासमार आणि रोगराई धरून केलेले अंदाज त्याच्या कितीतरी पट आहेत. छन शिंग नावाच्या जलतज्ज्ञाने या धरणाला १२ दरवाजे हवेत असं सांगितलं होतं. बसवले पाच, आणि छन शिंगना बाजूला सारलं. दुर्घटनेची माहिती सरकारने वर्षानुवर्षं दाबून ठेवली.

आमच्या धंद्यात बग दाखवणाऱ्याला कामावरून काढलं तर रिलीज नक्कीच लवकर होतं. सिस्टीम कोसळते ती नंतर, ग्राहकाकडे. आपल्याकडे पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं, तेव्हा लपवाछपवीचे प्रयत्न झाले नसतील असं मी म्हणत नाही. पण पुण्यात काय झालं ते देशाला लगेच कळलं आणि सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. हुकूमशाहीत ही सक्ती करणारंच कुणी नसतं.

आता मुख्य मुद्दा. गोसीखुर्द रखडलं ते लोकांना फार हक्क होते म्हणून, हे गृहीतकच खोटं आहे. कुठले हक्क? जमीन घेतली गेली तेव्हा १८९४ चा इंग्रजांचा भूसंपादन कायदा चालू होता. त्यात हरकत नोंदवता यायची, पण संमती कुणी विचारत नव्हतं. सरकारने ‘सार्वजनिक प्रयोजन’ म्हटलं की विषय संपला. मालमत्तेचा मूलभूत हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीने १९७८ मध्येच काढला होता. म्हणजे जमिनीपुरतं पाहिलं तर आमचा शेतकरी चिनी शेतकऱ्यापेक्षा फार पुढे नव्हता.

माझ्या आईचं माहेर बुडीत क्षेत्रात गेलं. मामाने धरण एक दिवसही अडवलं नाही. तो फक्त एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात मोबदल्याची फाईल शोधत फिरला. तो म्हणतो, “जमीन त गेली बाबू, पन कागद अजून फिरूनच रायला.” प्रकल्प लांबला तो निधी, निविदा, वाढीव दर आणि निकृष्ट कामं यांच्या घोळात. २०१२ नंतर सिंचन घोटाळ्याच्या ज्या चौकश्या झाल्या त्यांत गोसीखुर्दची कंत्राटं होती. हा अतिलोकशाहीचा नाही, उत्तरदायित्व नसल्याचा परिणाम आहे. आणि पुनर्वसनासाठी २०१३ मध्ये सुमारे १२०० कोटींचं विशेष पॅकेज आलं, ते लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, पाण्यात उभं राहून आंदोलनं केली म्हणून. जेवढं मिळालं तेवढं लोकशाहीने दिलं.

लोकशाहीत खरोखर हक्कांमुळे उशीर झाला तर कसा होतो, ते जपानमध्ये दिसतं. याम्बा धरणाचा आराखडा १९५२ चा, धरण चालू झालं २०२० मध्ये. ६८ वर्षं! पण तिथल्या गावकऱ्यांनी अनेक दशकं विरोध केला, सरकारला वाटाघाटी कराव्या लागल्या, गरम पाण्याच्या झऱ्यांचं जुनं गाव वरच्या अंगाला नव्याने वसवावं लागलं. तिथे वेळ गेला तो माणसांसाठी. आपल्याकडे वेळही गेला आणि माणसंही बुडाली.

आता सिंगापूर. हे उदाहरण सगळ्यात अवघड आहे, म्हणून टाळत नाही. १९६६ च्या कायद्याने तिथल्या सरकारने जमिनी सक्तीने घेतल्या, मोबदला बाजारभावापेक्षा कमी दिला, आणि पूर्ण बाजारभाव द्यायला २००७ उजाडलं. तरी आज बहुसंख्य लोक सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. पण तिथला भ्रष्टाचारविरोधी विभाग १९५२ पासून आहे आणि तो मंत्र्यांनाही सोडत नाही. आपल्याला सिंगापूरचा दंडुका हवा असतो, हा विभाग नको असतो. शिवाय हुकूमशहा निवडताना सिंगापूरच मिळेल याची गॅरंटी कोण देतं? म्यानमार आणि उत्तर कोरियाही आशियातच आहेत.

दक्षिण कोरिया आणि तैवान तर हुकूमशाहीतच श्रीमंत व्हायला लागले होते. तरी १९८७ मध्ये कोरियन लोक रस्त्यावर उतरले, आणि त्याच वर्षी तैवानमध्ये ३८ वर्षांचा मार्शल लॉ उठला. रस्ते आणि कारखाने मिळाले की माणूस गप्प बसतो, हे त्यांनी खोटं ठरवलं. डिसेंबर २०२४ मध्ये कोरियाच्या अध्यक्षांनी मार्शल लॉ पुकारला, तेव्हा खासदारांनी काही तासांत १९० विरुद्ध शून्य मतांनी तो फेटाळला. चार महिन्यांत अध्यक्षांचं पद गेलं. हा वेगही मोजा की.

१९५४ च्या पोटनिवडणुकीत आमच्याच भंडाऱ्यातून बाबासाहेब उभे राहिले आणि हरले. सामाजिक-आर्थिक समतेशिवाय नुसतं मत पुरणार नाही, हे त्यांनी संविधान सभेत आधीच बजावलं होतं. आपण मतावर थांबलो, ही आपली खरी अडचण.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचं मूल्यांकन आणलं, खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के बाधितांची संमती सक्तीची केली. २०१८ मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती करून अनेक प्रकारच्या प्रकल्पांना यातून सूट द्यायची वाट उघडली. कारण तेच, वेग. त्यावर तुमच्या-माझ्या फोनवर किती चर्चा झाली?

कारध्याच्या पुलावरून आता खाली बघितलं तर उन्हाळ्यातही वाहती नदी दिसत नाही, साचलेलं पाणी दिसतं. रेतीतल्या डांगरवाड्या गेल्या, ढिवरांची मासेमारी बदलली. हे करताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी कुणी ‘चीन असता तर’ म्हणाला, तर त्याला विचारा की त्या चीनमध्ये तू भिंतीच्या कुठल्या बाजूला राहणार आहेस. मग माहिती अधिकाराचा अर्ज काढा आणि आपल्या तालुक्यातल्या एका रखडलेल्या कामाचा हिशेब मागा. हा हक्क २००५ पासून आपल्याकडे आहे. चीनमधल्या माझ्यासारख्या इंजिनिअरकडे तो या ताकदीने नाही.