पॉइंट ठेवावे की इलेक्ट्रॉनिक बसवावे?

वाचकहो, मागच्या लेखात बॅटरीची निगा कशी राखावी ते आपण पाहिले. तो वाचून कुर्ल्याच्या एका भगिनीने पत्र पाठवले आहे. तिच्या वडिलांची हयात टॅक्सी चालवण्यात गेली. टॅक्सी भंगारात गेली, पण खाजगी नंबरची एक प्रीमियर पद्मिनी त्यांनी जपून ठेवली आहे. ही गाडी आता गरम झाली की मिस मारते आणि चढावर दम सोडते. गॅरेजवाला म्हणतो, "अख्खा डिस्ट्रिब्युटर काढा, इलेक्ट्रॉनिक बसवा." मुलगी आय.टी.आय.त इलेक्ट्रॉनिक्स शिकते, तिला हे पटते. वडिलांना पटत नाही. ते म्हणतात, "पॉइंट बिघडला तर मी रस्त्यावर उभा राहून पॉलिश पेपरने घासतो. तुझी डबी बंद पडली तर काय घासू?" आणि घरात जे पैसे आहेत, ते धाकट्या भावाच्या फीसाठी ठेवलेले आहेत.

पत्र एका घरचे असले तरी प्रश्न अनेकांचा आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ही गाडी 1964 पासून फियाट 1100 म्हणून बनत होती. 1974 मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ची. वीस वर्षांची मुदत भरताच, 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस, तीही रस्त्यावरून गेली. पण खाजगी पद्मिन्या अजून दिसतात, आणि त्यांचे पॉइंट लावणारे हातही अजून आहेत.

आधी पॉइंटचे काम समजून घेऊ. बॅटरी 12 व्होल्टची. एवढ्या दाबावर प्लगला ठिणगी पडत नाही, त्याला हजारो व्होल्ट लागतात. ते काम कॉइल करते. कॉइलच्या जाड तारेतून करंट वाहत असतो तोवर आत चुंबकत्व साठते. करंट एकदम तोडला की ते चुंबकत्व कोसळते आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात मोठा दाब तयार होतो. रोटर तो दाब ज्याच्या त्याच्या पाळीने चार प्लगांना वाटतो. करंट योग्य क्षणी तोडणे, एवढेच पॉइंटचे काम. ही पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बसवली आणि 1910 च्या सुमारास ती कॅडिलॅक गाडीत आली. पद्मिनीत तीच आहे.

आता हिशेब करा. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर डिस्ट्रिब्युटर त्याच्या निम्मे, म्हणजे 1500 फेरे घेतो. दर फेऱ्याला पॉइंट चार वेळा उघडतात. मिनिटाला 6000 वेळा, सेकंदाला 100 वेळा! तासाभरात ही उघडझाप 3 लाख 60 हजार वेळा होते. दर वेळी तीन-चार अँपिअर करंट तोडावा लागतो. कंडेन्सर पॉइंटवरची ठिणगी बरीचशी दाबतो, तरी थोडी राहतेच. म्हणून पॉइंटला खड्डे पडतात. शिवाय कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजतो आणि गॅप कमी होतो. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे जाते, गाडी सुस्त होते आणि पेट्रोल जास्त पिते. ज्यांनी वर्षानुवर्षे दर काही हजार किलोमीटरला पॉइंट लावले, त्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे.

इलेक्ट्रॉनिकमध्ये करंट तोडण्याचे काम ट्रान्झिस्टरकडे जाते. कॅमवर चुंबक बसवलेले कडे घालतात. ते फिरताना समोरच्या डबीतला सेन्सर चुंबक ओळखतो आणि ट्रान्झिस्टर करंट तोडतो. हा सेन्सर ज्या गुणधर्मावर चालतो, तो एडविन हॉल यांनी 1879 मध्येच शोधला होता. इथे काहीच घासत नाही, म्हणून झिजत नाही आणि एकदा लावलेले टायमिंग सहसा सरकत नाही. स्कूटरवाल्यांना ही गोष्ट नवी नाही, सी.डी.आय. आल्यावर त्यांचाही पॉइंट घासण्याचा त्रास गेला.

परंतु एक गोष्ट गॅरेजवाले क्वचितच सांगतात. इलेक्ट्रॉनिकने फक्त पॉइंट आणि कंडेन्सर ही जोडी बदलते. रोटर, कॅप, वायरी, प्लग, कॉइल आणि कार्बोरेटर जुनेच राहतात. टायमिंग पुढे नेणारी आतली वजने, त्यांच्या स्प्रिंगा आणि व्हॅक्यूमचा पडदा हेही जुनेच. दोष यात असेल तर पैसे जातील आणि गाडी मिस मारतच राहील. नीट लावलेल्या पॉइंटच्या गाडीचा अॅव्हरेज इलेक्ट्रॉनिकने एकदम वाढतो, असेही नाही. फायदा हा की जो अॅव्हरेज आज आहे तो पुढेही टिकतो.

म्हणून खर्चाआधी घरच्या घरी चार गोष्टी तपासा. पहिली, कॅप काढून रोटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहा. खेळ जाणवला तर बुश झिजले आहे. पॉइंटचा गॅप साधारण 0.4 मिलिमीटर असतो. शाफ्ट 0.1 मिलिमीटर जरी हलला, तरी गॅपमध्ये पाव हिश्श्याचा फरक पडतो. अशा डिस्ट्रिब्युटरवर पॉइंट कितीही सुबक लावा, टिकायचे नाहीत. दुसरी, कॅपच्या आत केसासारखी चीर किंवा काळी रेघ आहे का, मधला कार्बन दबून परत वर येतो का ते बघा. पावसाळ्यात अर्धे दुखणे कॅपमधल्या ओलीचेच असते. तिसरी, व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढा. आतली प्लेट हलली आणि जीभ लावून धरल्यावर तशीच राहिली, तर पडदा शाबूत आहे. चौथी, गाडी गरम झाल्यावरच मिस मारत असेल, तर आधी कंडेन्सर बदलून पाहा आणि कॉइलवर संशय घ्या. कंडेन्सर ही स्वस्त वस्तू आहे, आणि या भगिनीच्या गाडीचे लक्षण नेमके तेच आहे.

एवढे करून इलेक्ट्रॉनिक बसवायचेच ठरले, तर मार्ग दोन. बुश चांगले असेल तर जुन्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटच्या जागी बसणारी डबी घ्यावी. बुश गेले असेल तर आधी खरादीकडून नवे बुश घालून घ्यावे, नाहीतर अख्खा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर घ्यावा. बुश चांगले असताना अख्खा डिस्ट्रिब्युटर फेकणे म्हणजे बटण तुटले म्हणून सदरा टाकणे.

बसवताना आधी बॅटरीची तार काढा. रोटरचे तोंड कुठे आहे त्याची खडूने खूण करा. कॉइलचा रेझिस्टन्स मीटरने मोजा आणि डबीबरोबरच्या कागदाशी ताडून पाहा. साध्या 12 व्होल्टच्या कॉइलचा तो 3 ओहमच्या आसपास असतो. कमी ओहमची कॉइल चुकून लावली तर डबी जळते. तारा उलट जोडल्या तरी ती क्षणात जाते. वाटेत बॅलास्ट रेझिस्टर असेल, तर डबीची तार त्याच्या आधीच्या पूर्ण 12 व्होल्टवर घ्यावी लागते. प्लगच्या वायरी कार्बनच्या, म्हणजे रेझिस्टन्स असलेल्या घ्या. नुसत्या तांब्याच्या वायरींचा त्रास डबीला होऊ शकतो. शेवटी स्ट्रोब लाइट लावून टायमिंग नव्याने लावा. डबी बसली म्हणजे टायमिंग आपोआप लागले, असे समजू नये.

बसवल्यावर एक सवय मात्र मोडावी लागेल. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून रेडिओ ऐकत बसू नये. काही डब्या आणि कॉइल त्याने तापून जातात. बॅटरी फार उतरली असेल तर काही डब्या ठिणगी देत नाहीत, त्यामुळे मागच्या लेखातली निगा इथेही लागू आहे.

आता बाप-लेकीच्या वादाकडे येऊ. वडिलांचा प्रश्न अगदी रास्त आहे. पॉइंट सहसा आधी कुरकुरतात, मग बंद पडतात. डबी बऱ्याचदा काही न सांगताच थांबते आणि रस्त्यावर दुरुस्त होत नाही. त्यावर उपाय आहे. काढलेले पॉइंट, कंडेन्सर, स्क्रू, फिलर गेज आणि स्क्रू-ड्रायव्हर पुडीत बांधून गाडीतच ठेवावे. डबी गेली तर ती काढून पॉइंट लावावे आणि घर गाठावे. मात्र ज्याला पॉइंट लावता येतात, त्याच्याच उपयोगाची ही पुडी आहे.

म्हणून भगिनीला सांगणे असे की फीचे पैसे मोडू नकोस. आधी वडिलांना सोबत घेऊन वरच्या चार तपासण्या कर आणि नवा कंडेन्सर घालून गाडी महिनाभर चालव. त्या महिन्यात पॉइंटचा गॅप आणि टायमिंग लावायला त्यांच्याकडून शिकून घे. टेस्ट लॅम्पने पॉइंट नेमके कधी उघडतात ते पकडणे आय.टी.आय.त शिकवतीलच असे नाही. मीटरने कॉइल मोजणे तू त्यांना दाखव. मग सवडीने पैसे जमले की डबी तुम्ही दोघे मिळून बसवा. गॅरेजवाल्याने पुन्हा "अख्खा बदला" म्हटले, तर शाफ्ट हलवून दाखवायला सांगा. हलला तर त्याचे ऐका. नाही हलला तर नमस्कार करून घरी या.

पुढच्या अंकी कार्बोरेटरची सफाई पाहू. आपल्या गाडीच्या शंका पोस्टकार्डावर कळवाव्यात. गाडीचे साल आणि दोष केव्हा दिसतो, थंड असताना की गरम झाल्यावर, हे अवश्य लिहावे.