भूतबंगल्याला मागचे दार हवे

३१ ऑक्टोबरच्या रात्री पुण्यातल्या मॉलमध्ये, सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये आणि महामार्गालगतच्या रिसॉर्टांवर हॅलोविन साजरा होतो. भोपळे कोरले जातात, मुले चेटकिणीच्या टोप्या घालतात, एखाद्या अंधाऱ्या दालनात सांगाडे टांगून बाहेर तिकिटाचे टेबल मांडले जाते. हा सण आपला नव्हे, मग त्याचे कौतुक कशाला, असा सूरही दरवर्षी ठरल्याप्रमाणे लागतो. २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती, तेव्हा हा सूर जरा अधिकच चढला होता.

पुणे-सातारा महामार्गावरच्या किकवीतून पाहिले तर हा वाद वरवरचा वाटतो. भोर तालुक्यातले हे गाव. कापूरहोळ मागे टाकले की किकवी, पुढे सारोळा, मग नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. शनिवार-रविवारी महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग गावाशेजारून सरकत असते. ऑक्टोबरअखेरीस या भागात भाताची कापणी चाललेली असते. रानडुकरांपासून पीक राखायला माणसे रात्री शेतात झोपतात. विळा चालवताना पेंढीखालून घोणस निघेल, ही भीती खरी असते. या माणसाला भीती विकत घ्यायला मॉलमध्ये जावे लागत नाही. पण खेळातली भीती त्यालाही हवीच असते आणि ती त्याला मिळतही आली आहे. फक्त तिचा हंगाम वेगळा आहे.

आपला हॅलोविन जत्रेत असतो. पौषापासून वैशाखापर्यंत, सुगी आटोपून हातात चार पैसे आले की गावोगावच्या यात्रा सुरू होतात. पाळणे येतात, मौत का कुआँ येतो आणि त्यांच्या शेजारी पत्र्याचा, काळ्या कापडाचा भूतबंगला उभा राहतो. दर्शनी बाजूला लाल जिभेची हडळ रंगवलेली असते. कर्ण्यातून किंकाळ्या आणि हसण्याचे आवाज येत असतात. आत फळ्यांची वाकडीतिकडी वाट असते. पायाखालची फळी मुद्दाम सैल ठेवलेली, वरून दोरीने सुटणारा सांगाडा, तोंडाला लागणारी ओली चिंधी आणि शेवटच्या वळणावर केस मोकळे सोडून अंगावर धावून येणारे कोणीतरी. बाहेर पडले की पोरे आधी एकमेकांना हसतात आणि लगेच पुन्हा रांगेत उभी राहतात. तो धावून येणारा माणूस दिवसभर त्या उकाड्यात, पत्र्याखाली, हे काम करत असतो. पाच-सहा मिनिटांच्या खेळासाठी एवढी मेहनत घेणाऱ्या या फिरत्या कलाकारांची दखल कोणी घेत नाही. तमाशा आणि लोककलांवर ग्रंथ झाले, भूतबंगलेवाल्याची नोंद कुठे सापडत नाही. ती व्हायला हवी. खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातले ‘सलीमगढ’ हे भीतिघर म्हणजे याच खेळाचे वातानुकूलित, महागडे भावंड आहे.

परदेशातही हा खेळ फार वेगळ्या वाटेने आलेला नाही. आयर्लंडमधल्या केल्टिक लोकांचा सॉविन हा सुगीच्या शेवटाचा सण. पिके घरात आली, वर्षाची काळोखी बाजू सुरू झाली, अशा वेळी मेलेली माणसे भेटीला येतात ही त्यांची समजूत. आपणही सर्वपित्री अमावास्येला, पिके उभी असताना, गेलेल्यांना पान वाढतो. आयरिश लोक कंद कोरून दिवे करीत. अमेरिकेत गेल्यावर भोपळा हाताशी आला. तिथे १९३०च्या मंदीच्या काळात हॅलोविनच्या रात्री पोरांचा धुडगूस फार वाढला, तेव्हा घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी तळघरातून भीतीच्या वाटा तयार केल्या आणि पोरांना तिथे गुंतवले. पुढे ९ ऑगस्ट १९६९ रोजी कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ‘हॉन्टेड मॅन्शन’ उघडले आणि या घरगुती खेळाचा मोठा व्यवसाय झाला.

माणूस पैसे देऊन का घाबरतो, याचा अभ्यासही झाला आहे. डेन्मार्कमधल्या एका भीतिघरात आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि २०२०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भीती फार कमी असली तर मजा येत नाही, फार वाढली तरी मजा जाते. मधल्या पट्ट्यात माणूस खुलतो. जत्रेतल्या भूतबंगलेवाल्याला हे कोणी शिकवलेले नसते. आईच्या कडेवरच्या लेकराजवळ तो आवाज खाली आणतो आणि कॉलेजच्या टोळक्यावर मात्र दुप्पट जोराने धावून जातो.

या खेळाच्या बाजूने आम्ही ठामपणे उभे आहोत, त्याचे कारण करमणुकीपलीकडचे आहे. भूतबंगल्यातले भूत प्रामाणिक असते. ते कोणीतरी केलेले आहे हे आत जाणाऱ्याला ठाऊक असते, त्याचा मुखवटा उतरतो आणि मागच्या दाराने बाहेर पडता येते. आपल्या समाजाचे नुकसान केले ते ज्यांना मागचे दारच नाही अशा भुतांनी.

किकवीहून दक्षिणेला थोड्या अंतरावर खंबाटकी घाट लागतो. घाटांच्या वळणांवर पांढऱ्या साडीतली बाई गाडीला हात करते, या गोष्टी आपल्याकडे सगळ्याच रस्त्यांवर सांगितल्या जातात. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर लागणाऱ्या एस आकाराच्या वळणावर एप्रिल २०१८मध्ये मजुरांना घेऊन जाणारा टेम्पो उलटला आणि १५हून अधिक माणसे गेली. पोटासाठी कर्नाटकातून आलेली ही माणसे होती. तिथे कोणी बाई नव्हती. तीव्र उतार होता, चुकीचे वळण होते आणि अपघात वारंवार होत असूनही ते वळण तसेच राहिले होते. अपघाताच्या जागेला भूत चिकटवले की रस्ता आखणाऱ्याला जाब विचारण्याचे राहून जाते.

शनिवारवाड्याचेही तेच झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना तिथे ठार केले. अमावास्येच्या रात्री आजही तिथे हाक ऐकू येते, ही कथा पुण्याला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली जाते आणि इंटरनेटवर तर या वाड्याची ओळखच ती झाली आहे. पण त्या खुनाचा तपास झाला होता. रामशास्त्री प्रभुणे यांनी सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना दोषी ठरवले होते आणि नंतर पद सोडून ते निघून गेले होते. ते साताऱ्याजवळच्या माहुलीचे. म्हणजे किकवीवरून जाणाऱ्या याच रस्त्याच्या पुढच्या टोकाचे. राज्यकर्त्याला खुनी म्हणणारा न्यायाधीश या भूमीने दिला, हे सांगायला आपल्याला वेळ नाही आणि हाक ऐकायला रात्र जागवायची तयारी आहे, याची खंत वाटते.

सर्वांत घातक भूत मात्र घरात शिरते. सून बोलेनाशी झाली, पोराला झटके आले, तरुण मुलगी घुमू लागली की बाहेरची बाधा म्हणून देवऋष्याकडे नेतात. तिथे मिरच्यांची धुरी, चाबूक, केस ओढणे. या भीतिघरात शिरताना तिकीट थोडे वाटते. पण बाहेर पडू दिले जात नाही. एक कोंबडे झाले की दुसरे, एक अमावास्या झाली की पुढची. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी हे थांबवणारा कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झटून काम केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची. कापणीच्या दिवसांत भोर आणि वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर हे कलम पाठ असायला हवे. घोणस चावलेल्या माणसाच्या हातात मोजका वेळ असतो. सर्पदंशावरचे प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळते, देवऋष्याच्या उंबऱ्यावर मिळत नाही.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अमावास्येच्या रात्री मुलांना, गावकऱ्यांना घेऊन स्मशानात जातात, तिथे बसून खातात, गाणी म्हणतात. हाही एक भूतबंगलाच, दिवा लावून पाहिलेला. भीतीला समोरून भेटायचे आणि हसत परत यायचे, एवढेच त्यात असते. भीतिघराचे उत्तम रूप हेच असावे असे आम्हाला वाटते. रत्नाकर मतकरी आणि नारायण धारप यांच्या कथांनी घाबरलेल्या पिढ्या काही अंधश्रद्ध झाल्या नाहीत. पुस्तक मिटता येते, हे त्यांना ठाऊक होते.

मागच्या दाराचा एक अर्थ मात्र अगदी पत्र्या-लाकडाचा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष केले की माणसे मरतात. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात ११ मे १९८४ रोजी एका मनोरंजन उद्यानातल्या ‘हॉन्टेड कॅसल’ला आग लागली आणि आठ तरुण मुले गेली. मालट्रकचे डबे एकमेकांना जोडून ते भीतिघर केले होते, आत फोम होता आणि आग विझवण्यासाठी पाण्याचे फवारे बसवलेले नव्हते. मे २०२४मध्ये राजकोटच्या गेम झोनमध्ये, पत्र्याच्या तात्पुरत्या बांधकामात, २५हून अधिक माणसे जळून गेली. त्यांत लहान मुले होती.

आणि हे दुःख आपल्याला परके नाही. भोरहून आंबाडखिंड घाटाने वर गेले की मांढरदेवीची काळूबाई. किकवी परिसरातून किती घरे दरवर्षी तिथे जातात! २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माणसे घसरली, दोन्ही बाजूंच्या दुकानांनी वाट आवळलेली होती, दुकानांना आग लागली, गॅसचे सिलिंडर फुटले. तीनशेच्या आसपास भाविक गेले. न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग बसला. देवीच्या कोपाच्या वावड्याही तेव्हा उठल्या होत्या. कोप नव्हता, बाहेर पडायला वाट नव्हती.

म्हणून या हॅलोविनला विरोध करण्यात शक्ती घालवण्यापेक्षा दुसरे काम हाती घ्यावे. शहरातल्या सोसायट्यांनी अंधारे दालन करताना दुसरे दार उघडे ठेवावे, कापूस, थर्मोकोल आणि खऱ्या मेणबत्त्या एकत्र आणू नयेत, आणि खेळ संपला की दिवे लावून मुलांना पडद्यामागे न्यावे. किकवी आणि आसपासच्या गावांच्या यात्रा आता दोन-तीन महिन्यांवर आल्या आहेत. भूतबंगला मैदानात उभा राहील, त्या दिवशी तिकीटविक्री सुरू होण्याआधी सरपंच, ग्रामसेवक आणि यात्रा समितीच्या मंडळींनी दिवसाउजेडी आतून एकदा चालत जावे. बाहेर पडायच्या वाटा दोन आहेत का, विजेची वायर कापडाला टेकलेली नाही ना, अग्निशामक नळकांडे हाताशी आहे का, ते पाहावे. खेळवाल्याला परवानगीसाठी हेलपाटे घालायला लावू नये. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्याला विनंती करून एका सकाळी मुलांना तो सांगाडा, ती दोरी आणि तो मुखवटा जवळून दाखवावा. आणि गावात कोणाच्या अंगात आले, कोणाला साप चावला, तर त्याच मुलांनी घरच्यांना भोरच्या सरकारी रुग्णालयाची वाट दाखवावी.